एमएस्सीच्या प्रकल्पाला बी-एस ते दोन म्यूऑन द्यावं का?

लातूरकर: मराठवाड्यातल्या कॉलेजांत एमएस्सीला किती वर्षं तेच सर्किटांचे प्रकल्प देणार? सर्न प्रयोगशाळेत प्रोटॉन एकमेकांवर आदळवतात, तिथल्या सीएमएस प्रयोगाचा २०१२ चा डेटा खुला आहे. म्यूऑनांची (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) छाटलेली फाइल दोन जीबीची, ६ कोटींवर घटना म्हणजे टकरी, साध्या लॅपटॉपवर चालते. पोरांना बी-एस मेसॉन या अल्पायुषी कणाचा क्षय, म्हणजे तो फुटून दोन म्यूऑन होणं, शोधायला लावा. २७ कोटींत एखादा होतो, मजा त्यातच आहे.

नांदेडकर: सर, त्या फाइलीत तो शोधताच येत नाही. संवेग, दिशा, वस्तुमान, विद्युतभार, बस्स. दोन्ही म्यूऑन कुठल्या बिंदूतून निघाले ते नाही. बी-एस दीड पिकोसेकंद जगतो, काही मिलिमीटर जाऊन फुटतो. त्या अंतरावर कट लावला नाही, म्हणजे ते पाहून घटना चाळल्या नाहीत, तर बी-एसच्या वस्तुमानाजवळ, ५.३७ जीईव्हीला, नुसता गाळ. त्याला मूळ एओडी फाइली (घटनांची सविस्तर नोंद) लागतात, त्या टेराबाइटांत. आणि २०११-१२ चा सगळा डेटा, २५ इन्व्हर्स फेम्टोबार्न (एकूण टकरींचं माप), लावून सीएमएसला ४.३ सिग्माच मिळाले; सिग्मा म्हणजे खात्रीचं माप, शोध म्हणायला ५ लागतात. ६.२ झाले ते सर्नच्याच एलएचसीबी प्रयोगाच्या डेटाशी जोडल्यावर, २०१५ ला.

परभणी_फिजिक्स: सिग्मा कुणाला पाहिजे? हा क्षय जास्तीत जास्त किती वेळा होत असेल, ती वरची मर्यादा काढू द्या की. बी-एसच्या वस्तुमानाजवळची खिडकी झाकायची, बाजूच्या पट्ट्यांवरून बॅकग्राउंड मोजायचं, कट पक्के झाले की मगच उघडायची. बी-प्लस कण जे-साय (तो दोन म्यूऑनांत फुटतो) आणि केऑन या कणांत मोडतो, त्या क्षयाशी गुणोत्तर घेतलं की ल्युमिनॉसिटीची, म्हणजे एकूण टकरी मोजायची, भानगडच मिटते.

नांदेडकर: ती मिटते, पण तिसऱ्या ट्रॅकची, म्हणजे केऑनचा माग सापडण्याची, कार्यक्षमता उरते. बी-एस आणि बी-प्लस किती प्रमाणात बनतात तेही बाहेरूनच घ्यावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे बाजूच्या पट्ट्यांत न दिसणारं बॅकग्राउंड. बी-झीरो कणाचा केऑन आणि पायॉन या कणांत क्षय लाखात दोनदा होतो. केऑन, पायॉन वाटेतच म्यूऑनमध्ये मोडतात. शंभरात एक असा फसवतो धरलं, तर दोन्ही फसवणं १० हजारांत एक, म्हणजे ५० कोटींत एक. त्यात बी-झीरो बी-एसच्या साधारण चौपट बनतात. खऱ्याच्या दुप्पट खोटे झाले! म्यूऑन धरून वस्तुमान काढलं की ते थोडं खाली सरकतात, तरी रिझोल्यूशन (मोजमापाची बारकाई) ढिलं तिथं बी-एसच्या खिडकीत सांडतातच.

औंढावाला: यात मोठेही फसतात. एलएचसीबीनं २०२१ ला बी कणांच्या इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन देणाऱ्या क्षयांच्या गुणोत्तरात अपेक्षेपेक्षा ३.१ सिग्माचा फरक सांगितला होता. इलेक्ट्रॉन म्हणून घुसलेले हॅड्रॉन (केऑन, पायॉनसारखे कण) नीट धरल्यावर डिसेंबर २०२२ ला तो गेला.

लातूरकर: मग तोच प्रकल्प द्या ना! के-शॉर्ट कण फुटून निघालेले पायॉन घ्या, त्यातले किती म्यूऑन म्हणून पास होतात ते मोजा.

नांदेडकर: हे पटलं. पण के-शॉर्टलाही तो बिंदू लागतोच. म्हणजे परत एओडी. टेराबाइट डाउनलोड कुठल्या कॉलेजात करणार तेवढं सांगा.