मॅकियाव्हेली आणि मतदार सर्व्हे एकाच धड्यात कसे?

खाडीकाठ:
दापोलीत दुकान सांभाळून बहिःस्थ एम.ए. करतेय, राज्यशास्त्र. पेपर पुढच्या महिन्यात. गाईडमध्ये अख्खा विषय एका परिच्छेदात उरकलाय: सोळाव्या शतकातल्या इटलीच्या मॅकियाव्हेलीने राजकारण नीतीपासून वेगळं काढलं, वास्तववाद आणला, त्यातून अनुभवजन्य पद्धत (म्हणजे बघून, मोजून ताडणं) आली आणि विसाव्या शतकात राज्यशास्त्र ‘शास्त्र’ झालं. म्हणजे १५१३ला सुटलेली एसटी थेट १९५०ला लागते? वास्तववादी असणं आणि मोजमाप करणं एकच का? गाईडवाला दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो.

डोंबिवलीचा चाकरमानी:
गाईड रद्दीत घाल आधी. मधले थांबे, म्हणजे राजकारणावर लिहिणारे विचारवंत, लिहून घे: हॉब्ज १६५१, ग्रॅहम वॉलस १९०८, मग शिकागोचा मेरियम, मग १९५३ला ईस्टन. बाकी मास्तर येतीलच.

हर्णैचा मास्तर:
आलो. ताई, एसटी थेट नाही, गाडी बदलावी लागते.

मॅकियाव्हेली फ्लोरेन्सच्या सरकारात चौदा वर्षं सचिव होता. इटलीतला लढाऊ सरदार चेझारे बोर्जा, त्याच्या छावणीत दूत म्हणून राहून आलेला माणूस. फ्लोरेन्सचं जुनं सत्ताधारी घराणं मेदिची परतलं तशी नोकरी गेली, १५१३त तुरुंगात दोरीला टांगून हाल झाले, आणि त्याच वर्षी गावच्या घरी बसून त्याने ‘प्रिन्स’ लिहिलं. त्यात तो म्हणतो, कुणी कधी न पाहिलेली राज्यं कल्पून पुष्कळ जण लिहून गेले, मी प्रत्यक्ष काय घडतं ते बघतो. हा झाला वास्तववाद. पण मोजलं त्याने काहीच नाही. सोयीचे दाखले उचलले, त्यातले कितीतरी जुन्या रोमचे. उलट त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलच्या शाळेने १५८ राज्यघटना जमवल्या होत्या.

मोजणीवाल्यांचं बिऱ्हाड वेगळं. १९२४ साली शिकागोत गॉस्नेल नावाच्या अभ्यासकाने सुमारे सहा हजार मतदार घेतले, काहींना ‘नाव नोंदवा, मत द्या’ अशी पत्रं टाकली, काहींना नाही. पत्रवाले जास्त संख्येने बाहेर पडले. १९४०त समाजशास्त्रज्ञ लाझर्सफेल्डची माणसं ओहायोतल्या ईरी काउंटीत त्याच सहाएकशे लोकांच्या दारात मे ते नोव्हेंबर पुन्हापुन्हा गेली. रेडिओ-पेपर मत फिरवत असतील असा त्यांचा होरा. निघालं भलतंच. बहुतेकांचं मत हललंच नाही, आणि हललं तिथे ओळखीतल्या जाणत्या माणसाच्या शब्दाचं वजन पेपरापेक्षा जास्त पडलं.

हे वाचून मला हसू आलं, कारण ते मी वाचायच्या आधी पाहिलं होतं. १९९९ला लोकसभा-विधानसभा एकदम होत्या. मी कॉलेजात, फॉर्मचा गठ्ठा घेऊन पाजपंढरीत दारोदार. एका ओटीवर म्हातारी जवळा निवडत बसलेली. मत कोणाला, विचारलं. मान वर न करता म्हणाली, “अजून ठरलं नाय.” त्याला फॉर्मात चौकोन होता, ‘अनिश्चित’. केली खूण. पाणी द्यायला सून बाहेर आली, ती हळूच म्हणाली, “मुंबईवरनं थोरल्या भावोजींचा फोन नाय आला अजून.” फोन दुकानात यायचा, रविवारी. याला चौकोन नव्हता. मी समासात पेन्सिलीने लिहिलं. सगळे फॉर्म मोजून झाले, समास कोणी वाचला नसावा.

राजापूरकर:
सगळी विलायत फिरून आलात, घरचं राहिलंच. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, मराठी राज्यकारभारावरचा ग्रंथ, १७१५च्या सुमाराचा. त्यात म्हटलंय, टोपीकर, म्हणजे युरोपी व्यापारी, नुसते सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी राज्यकर्ते आहेत. वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकिनारी देऊ नका, पक्कं बांधू देऊ नका. आमच्या राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी १६६०त पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केली होती. अनुभव म्हणतात तो हा.

खाडीकाठ:
हे पेपरात घातलं तर मार्क जातील की मिळतील, देव जाणे. पण मास्तर, असं लिहू का: काय बघायचं ते वास्तववाद सांगतो, कसं बघायचं ते अनुभवजन्य पद्धत?

हर्णैचा मास्तर:
लिहा, पण भांडणही लिहा. वास्तववाद्यांचा म्होरक्या मॉर्गेन्थाऊ, त्यानेच १९४६त अख्खं पुस्तक लिहून विज्ञानाच्या मापाने राजकारण मोजू पाहणाऱ्यांना झोडपलं. आणि वर्तनवादाचा (लोक प्रत्यक्ष कसे वागतात ते मोजून अभ्यासायचं, या पंथाचा) झेंडा मिरवणारा ईस्टन १९६९त स्वतःच्याच लोकांना सांगत होता की तंत्रापेक्षा आजच्या प्रश्नांशी नातं आधी बघा. गाईडवाल्याच्या एकाच परिच्छेदात ही दोन माणसं एका बाकावर बसायची नाहीत.

राजापूरकर, आज्ञापत्र कबूल. माझीच चूक.

डोंबिवलीचा चाकरमानी:
मास्तर, त्या थोरल्याचा फोन आला का शेवटी?

हर्णैचा मास्तर:
आला असणार. आमचा सर्व्हे शनिवारीच आटपला होता.