चर्चा: तुर्की घडलेली आणि कुर्दिश अर्धीकच्ची, ही तुलना मुळात बरोबर आहे का?

रानवाट (धागाकर्ता)
आमच्या एका ग्रुपवर जोरदार वाद झाला म्हणून इथे लिहितोय. एकाने ठामपणे लिहिलं की कुर्दिश म्हणजे तुर्कीचीच डोंगरातली बोली, तुर्की कशी नियमात बसलेली, कोश-व्याकरण सगळं जागच्या जागी, आणि कुर्दिशला धड एक लिपीसुद्धा नाही. माझं मत सरळ आहे: दोन्ही भाषांचं नातंच नाही, आणि कुर्दिश मागे पडली असेल तर ती पाडली गेली म्हणून.

तुर्की ही अझरबैजानी, उझबेक, कझाक यांच्या घराण्यातली. कुर्दिश इराणी शाखेतली, फारसीची चुलत बहीण, म्हणजे लांबून का होईना आपल्या मराठीचीच भाऊबंद. कुर्मांजीत (ही तुर्कस्तानातल्या बहुतेक कुर्दांची बोली) आकडे असे: येक, दू, से, चार, पेंज, शेश, हेफ्त, हेश्त, नेह, देह. तुर्कीत: बिर, इकी, उच, दोर्त, बेश. 'तुझं नाव काय' हे कुर्मांजीत 'नावे ते चि ये'. तुर्कीत 'आदन ने'.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते भूतकाळाचं. आपण 'मी आंबा खाल्ला, मी आंबे खाल्ले' म्हणतो ना, क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्त्याच्या नाही. कुर्मांजीत तस्संच. 'मिन सेव ख्वार' म्हणजे मी एक सफरचंद खाल्लं, आणि बरीच खाल्ली तर 'मिन सेव ख्वारिन'. तुर्कीत सफरचंद एक असो की टोपलीभर, 'येदिम' ते 'येदिम'च. आता हिला तुर्कीची बोली कसं म्हणायचं सांगा.

तळटीप
नातं नाही याला +१. पण कुळ एक म्हणजे भाषा जवळची, हे मला पटत नाही. मी तुर्की शिकतेय आणि मराठी माणसाला तुर्की वाक्य बसतं हो पटकन. क्रियापद शेवटी, विशेषण आधी, आणि शब्दाला मागून प्रत्यय लावत जायचे. 'एव' म्हणजे घर, 'एवदे' घरात, 'एवदेकी' घरातला, 'एवदेकिलेर' घरातले, 'एवदेकिलेरे' घरातल्यांना. तोच क्रम! अजून एक, 'गेल्दी' म्हणजे आला (मी पाहिलं), 'गेल्मिश' म्हणजे आलाय म्हणे. आपलं 'म्हणे' त्यांनी क्रियापदातच बसवलंय.

उलट कुर्मांजीत विशेषण नामाच्या मागे, 'माला मेझिन', म्हणजे शब्दशः 'घर मोठं'. त्यात घर स्त्रीलिंगी म्हणून 'माला', पुल्लिंगी असतं तर शेवटी 'ए'. तुर्कीत लिंगभेदच नाही, 'तो', 'ती', 'ते' सगळ्याला एकच 'ओ'. शिकणाऱ्याच्या बाजूने बघाल तर तुर्की सोपी.

पूर्वरंग
धागाकर्ते, असहमत. 'पाडली गेली' हे अर्धंच झालं. इराक-इराणमधली सोरानी ही कुर्दिशची दुसरी मोठी बोली अरबी वळणाच्या लिपीत, तुर्कस्तान-सीरियातली कुर्मांजी रोमनमध्ये, सोरानीत लिंगभेद जवळपास गेलेला, कुर्मांजीत शाबूत, आणि दोन टोकांच्या लोकांना एकमेकांचं बोलणं नीट कळत नाही. तुर्कांनी 1928 मध्ये एक निर्णय घेतला, अरबी लिपी सोडली, 1932 मध्ये भाषामंडळ काढलं, एकाच भाषेतून सगळा देश शिकवला. भाषा अशीच उभी राहते. कुर्दांनी आपसात ठरवायला नको का?

रानवाट
पूर्वरंग, ठरवायचं कुठे बसून? चार देशांत वाटलेले लोक आहेत ते. तरी कुर्द लेखक जेलादत अली बेदिरखान यांनी 1932 मध्येच दमास्कसहून 'हावार' मासिक काढून कुर्मांजीची रोमन वर्णमाला रुजवली. त्यात क्यू, डब्ल्यू, एक्स आहेत, तुर्की वर्णमालेत नाहीत. आणि नेमकी हीच तीन अक्षरं तुर्कस्तानात सरकारी कागदावर चालायची नाहीत, पोराचं नाव त्या अक्षरांनी नोंदवता यायचं नाही. त्यात ढील मिळाली 2013 मध्ये!

1983 चा 2932 क्रमांकाचा कायदा घ्या, कुर्दिशचं नावसुद्धा न घेता ती बंद केली, तो 1991 मध्ये उठला. त्याच वर्षी कुर्द खासदार लैला झाना यांनी संसदेत शपथेनंतर कुर्दिशमध्ये एक वाक्य म्हटलं, तुर्की आणि कुर्द जनतेच्या बंधुभावाचं, आणि पुढे त्या दहा वर्षं तुरुंगात होत्या. त्या काळात लोक कुर्दिश गाणी-बातम्या ऐकायचे त्या येरेवान रेडिओवर, आर्मेनियातून. एका भाषेला मंडळ आणि शाळा, दुसरीला पोलीस, आणि मग तुलना करायची की कोण जास्त घडलेली?

मांडवीकाठ
यात तुर्कस्तानातल्याच झाझाकीचं कुणीच बोललं नाही. झाझाकी ही कुर्दिशची बोली की वेगळी भाषा यावर तिकडे आजही भांडणं आहेत, अभ्यासकांपैकी बरेच तिला वेगळी मानतात, बोलणारे अनेक जण स्वतःला कुर्दच म्हणवतात. आम्हां गोंयकारांना हा वाद पाठ आहे, कोंकणी मराठीची बोली असं ऐकतच मोठे झालो, 1987 मध्ये राजभाषा झाली तेव्हा कुठे. म्हणून माझं म्हणणं, कुर्दिशला बोली म्हणणाऱ्यांवर चिडताना झाझाकीवाल्यांना पण तोच न्याय लावा.

तळटीप
मांडवीकाठ, मुद्दा मान्य, पण कोंकणी-मराठी इथे नको, धागा तिकडेच वाहून जाईल.

पूर्वरंग, तुमच्या 'एक निर्णय घेतला'वर बोलायचंय. तुर्की मला मनापासून आवडते म्हणूनच सांगते, त्याची किंमत तुर्कांनीच मोजलीय. अरबी-फारसी शब्द काढून नवे घातले, 'मेकतेप' गेलं 'ओकुल' आलं, असे हजारो. अतातुर्क यांचं 1927 चं गाजलेलं भाषण आजच्या तुर्की पोरांना मूळ शब्दांत वाचता येत नाही, सोप्या तुर्कीत करून द्यावं लागतं. आपल्याकडेही राज्यव्यवहारकोशापासून शुद्धीकरणाचे प्रयत्न झाले, पण आजी-नातवाची भाषा तुटली नाही. तिकडे तुटली. तेव्हा नीटनेटकेपणा हा भाषेचा गुण म्हणून सांगू नका, ते सरकारने केलेलं काम आहे.

पूर्वरंग
किंमत मोजली, पण साक्षरता आली हेही बघा. आणि जुने कायदे किती दिवस सांगणार? 2009 पासून सरकारी कुर्दिश चॅनल चालू आहे, 2012 पासून शाळेत ऐच्छिक विषय आहे. घरात आईबापच पोरांशी तुर्की बोलतात, नोकरीसाठी. त्यात चूक काय? कुठल्याही आईबापाने हेच केलं असतं.

रानवाट
आईबापांना मी बोल लावत नाहीच. पण तो ऐच्छिक विषय कसा आहे ते बघा: पाचवीपासून, आठवड्याला दोन तास, आणि शाळेत किमान 10 मुलांनी अर्ज केला तरच वर्ग. शिक्षक नसेल तर तोही नाही. गणित, विज्ञान, इतिहास सगळं तुर्कीतच, कारण राज्यघटनेच्या 42व्या कलमात तुर्कीशिवाय दुसरी कुठलीही भाषा मातृभाषा म्हणून शिकवायला बंदी आहे, आणि ती अजून तशीच आहे. तिकडे इराकमध्ये 2005 च्या घटनेने कुर्दिशला अरबीच्या बरोबरीने राजभाषा केलं, तर सोरानीत शाळा चालतायत, विद्यापीठातही काही विषय शिकवले जातायत. लिपी अरबी वळणाचीच, बोलींचे वादही तेच. ते कलम काढा, कुर्मांजीला पहिलीपासून शाळा द्या, आणि मग करू की तुलना.