मदत हवी आहे : नेमबाजीसाठी स्वस्तातली पॉइंट टू टू रायफल कोणती घ्यावी? (सोलापूर)

आसरा_चौक
शनिवारी पुण्याला जातोय, त्याआधी ठरवायचं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. पॉइंट टू टू रायफल घ्यायची आहे. बजेट पंधरा हजार, अगदीच चांगली असेल तर अठरा. गच्चीवर कार्ड लावून नेम धरायचा, बाकी काही नाही. दुर्बीण बसवता आली पाहिजे. मागच्या वर्षी ऑनलाइन एक मागवली होती, तीन महिन्यांत तिची स्प्रिंग गेली आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. सोलापुरात दुरुस्त करणारा सापडला नाही. परत तसे पैसे घालवायचे नाहीत. कृपया थेट मॉडेल सांगा. 'आधी क्लबला जा' हा सल्ला नको, तेवढा वेळ नाही.

निवृत्त_फौजी
पॉइंट टू टू म्हणजे नक्की कोणती म्हणताय, काडतुसाची की हवेची? या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. काडतुसाची असेल तर शस्त्रपरवाना लागतो, आणि पंधरा हजारांचा विषयच राहत नाही.

आसरा_चौक
हवेचीच हो. दुकानदार फोनवर म्हणाला की एअर गनला लायसन लागत नाही, पॉइंट टू टू घ्या, जास्त ताकद असते.

निवृत्त_फौजी
दुकानदाराने अर्धंच सांगितलं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेची बंदूक दोन्ही अटींत बसली तरच परवान्याशिवाय मिळते : नळी पॉइंट वन सेव्हन सेव्हन, म्हणजे ४.५ मिमीपेक्षा मोठी नको, आणि ताकद २० ज्यूलच्या आत हवी. पॉइंट टू टू म्हणजे ५.५ मिमी. ती हवेची असली तरी परवान्यात येते. 'कोणी विचारत नाही' असं म्हणून विकणारे आहेत, पण उद्या काही झालं तर नाव तुमचं येईल, दुकानदाराचं नाही. वन सेव्हन सेव्हन घ्या, आधारची प्रत द्या, पक्की पावती घ्या आणि ती पावती बंदुकीच्या पिशवीतच ठेवा. शहरात शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात, त्यामुळे नेताना-आणताना बंद पिशवीत, खांद्यावर उघडी नाही.

आसरा_चौक
पण स्वप्नील कुसाळेंची रायफल पॉइंट टू टू आहे ना? पॅरिसचं ब्राँझ घरात सगळ्यांनी मिळून पाहिलं, तेव्हापासून घरात हाच विषय आहे. म्हणून तीच शोधतोय.

छर्रे_आणि_कार्ड
तिथेच गफलत होतेय तुमची. कुसाळेंचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), ती काडतुसाची पॉइंट टू टू. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रांनी सुवर्ण घेतलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये, आणि ती ४.५ मिमी. कागदावर नेम धरायला वन सेव्हन सेव्हन कुठेही कमी पडत नाही. १० मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे ताकद लागत नाही, स्थिर हात लागतो.

ताकदीचा हिशोब सांगतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर १० ज्यूल होतात. २८० मीटरने सुटला तर साडेएकोणीसच्या वर, म्हणजे कायद्याच्या काठावर. गच्चीवर १० मीटरसाठी पहिली बंदूक पुरून उरते. वेग जास्त म्हणजे झटका जास्त, आवाज जास्त आणि ग्रुप वाईट, म्हणजे छर्रे एकमेकांजवळ लागत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) भरायची साधी स्प्रिंगवाली घ्या. भारतीय बनावटीत प्रेसिहोल कंपनीची बघा, किंवा जुनी आयएचपी कंपनीची नॅशनल ३५ चांगल्या अवस्थेत मिळाली तर ती. माझी नॅशनल काकांच्या वेळची आहे. चामड्याचा वॉशर दोनदा बदलला, एवढाच खर्च. मागची स्प्रिंग कशाने गेली? छर्रा न घालता उडवायचात का?

आसरा_चौक
पुतण्या नुसतीच उडवायचा, हे खरं आहे. त्याने बिघडते?

छर्रे_आणि_कार्ड
त्यानेच बिघडते! छर्रा असला की पिस्टनपुढे हवेची गादी तयार होते. छर्रा नसला की पिस्टन सरळ भिंतीवर आदळतो. वॉशर फाटतो, मग स्प्रिंग. आणि कॉक करून, म्हणजे स्प्रिंग ताणून, रात्रभर ठेवली असेल तर स्प्रिंग कमजोर होऊ शकते. नळीत तेल ओतायचात का? तेल दाबाने पेटतं, धूर येतो, आवाज फटाक्यासारखा होतो. पोरांना तो आवाज आवडतो आणि बंदूक मरते.

पंप_मारणारा
स्प्रिंगवर मी तीन वर्षं घालवली, म्हणून कळकळीने सांगतो, नका घेऊ. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्टन धावतो, बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे उसळते. नवशिक्याला कळत नाही चूक हाताची की बंदुकीची. पीसीपी घ्या, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. टाकीत हवा भरलेली असते, झटका जवळजवळ नाही, पहिल्या दिवसापासून ग्रुप लहान येतो. आज १० मीटरच्या सगळ्या मॅच रायफली दाबलेल्या हवेवरच चालतात.

छर्रे_आणि_कार्ड
आणि हवा कोण भरणार? हातपंप वेगळा घ्यावा लागतो, तो त्यांच्या बजेटमध्ये बसतो का ते आधी सांगा. ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेली की सोलापुरात कोण बदलणार? एप्रिल-मेच्या उन्हात बेचाळीस अंशाला टाकी गच्चीवर ठेवली तर दाब वाढतो, हे त्यांना कोणी सांगितलंय का?

पंप_मारणारा
उन्हात कुठलीच बंदूक ठेवायची नसते. आणि ओ-रिंग मी घरी बदलतो, दहा मिनिटांचं काम आहे. स्प्रिंग बदलायला ती दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागतो, नाहीतर स्प्रिंग तोंडावर येते.

बागायतदार_पंढरपूर
विषय निघालाच आहे तर विचारतो. द्राक्षबागेत पोपट आणि साळुंक्या घड फोडतात. वन सेव्हन सेव्हनने किती लांबून उडवता येतील? वानरांना नुसतं घाबरवायला चालेल का?

निवृत्त_फौजी
दादा, पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, वानरही. छर्रा मारला तर सरळ गुन्हा. आपल्या जिल्ह्यात नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, इथली वनखात्याची माणसं या बाबतीत जागी असतात. घड भरायच्या आधी जाळी टाका. नुकसान मोठं आहे हे समजतं, पण त्यावर बंदूक हा उपाय नाही.

बागायतदार_पंढरपूर
जाळीचा एकरी खर्च माहीत आहे का तुम्हाला? चमकणारी पट्टी बांधून झाली, पोपट तिच्यावरच बसतात. बरं, राहू दे. धाग्याच्या मालकांना त्रास नको.

गड्ड्याची_आठवण
होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ना, तिची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) एका बाजूला वाकलेली असायची. आमचे वडील पहिला छर्रा मुद्दाम फळीवर मारायचे, कुठे लागतो ते बघायचे, मग तेवढंच उलट्या बाजूला धरून ओळीने सात फुगे फोडायचे. स्टॉलवाला त्यांना पाहिलं की हात जोडायचा. नवीन बंदूक घेताना हेच करा. दुकानात पाच छर्रे एकाच जागी धरून मारा. कार्डाच्या मधोमध लागले नाहीत तरी चालेल, एकमेकांजवळ लागले पाहिजेत. मधोमध आणायला स्क्रू असतात. विखुरलेले छर्रे कुठल्याच स्क्रूने गोळा होत नाहीत.

एनसीसी_माजी_कॅडेट
वरचं अगदी बरोबर. आम्हाला पॉइंट टू टू डिलक्सवर २५ मीटरला आधी ग्रुपिंगच शिकवलं, मध्यभाग नंतर.

पण दादा, सगळे मॉडेलवर भांडताहेत आणि मूळ गोष्टच कळलेली नाही. चालवणार कोण? तुम्ही 'घरात हाच विषय आहे' म्हणालात. वय काय? उजवा हात की डावा? गच्ची किती लांब आणि कठड्यापलीकडे काय आहे? हे कळल्याशिवाय कोणी नाव सांगत असेल तर तो अंदाज आहे.

आसरा_चौक
मुलीसाठी. तेरा वर्षांची आहे, डावखुरी. गच्ची बारा मीटर भरेल, मागे जिन्याच्या खोलीची भिंत आहे. हे आधी सांगायला हवं होतं का? मला वाटलं रायफल रायफलच असते.

एनसीसी_माजी_कॅडेट
यानेच सगळं ठरतं, दादा. नळी मोडायची बंदूक भरायला मोठ्या माणसालाही जोर लावावा लागतो. तेरा वर्षांच्या मुलीचा दंड पंधरा छर्ऱ्यांत भरून येईल आणि मग नेम हलणारच. ती स्वतः कधीच भरणार नाही, तुम्ही भरून द्यायची, हा नियमच करा. अर्धवट मोडलेली नळी हातातून सुटली तर बोटं चेचतात.

डावखुऱ्यांसाठी : नळी मोडायची बंदूक दोन्ही हातांना सारखीच चालते. बाजूला बोल्ट असलेली पीसीपी बहुतेक उजव्यांसाठी असते, डावखुऱ्याला प्रत्येक वेळी हात ओलांडून भरावी लागते. कुंद्याला (खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाला) गालासाठी उंचवटा असेल तर तो कुठल्या बाजूला आहे ते बघा.

आणि सगळ्यात आधी डोळा बघा. तिला दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट करायला सांगा, त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ फटीतच राहतं, तो तिचा नेमाचा डोळा.

आसरा_चौक
आत्ता करून पाहिलं. लिहिते डाव्या हाताने, पण घड्याळ उजव्या डोळ्याने राहतं. चारदा केलं, चारही वेळा उजवाच. आता?

छर्रे_आणि_कार्ड
मग उजव्या खांद्यावर शिकवा. नेम डोळ्याचा असतो, हाताचा नाही. तिने अजून सवय लावलेली नाही, आत्ताच वळण द्या.

पंप_मारणारा
मुळीच नाही. डावखुऱ्या मुलीला उजवा ट्रिगर दिला तर बोट अडखळणार. डाव्या खांद्यावरच ठेवा आणि उजव्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावा. मॅच शूटर लावतात तशी. डोळा मिटायचा नाही, मिटला की दुसराही थकतो.

एनसीसी_माजी_कॅडेट
दोन्ही प्रकारे शिकलेले नेमबाज मी पाहिलेत. हे इथे बसून ठरणार नाही. दादा, तुम्ही क्लबचं नको म्हणाला होतात, तरी सांगते. पुण्याला जातच आहात तर मुलीला बरोबर न्या. एखाद्या रेंजवर तासभर तिला क्लबच्या रायफलवर दोन्ही खांद्यांवर दहा-दहा छर्रे मारू द्या. कार्ड बोलेल. त्या तासाचे पैसे चुकीच्या बंदुकीपेक्षा कमीच लागतात.

दुर्बीण मात्र आत्ता घेऊ नका. स्प्रिंगचा उलटसुलट झटका साध्या दुर्बिणीची काच सैल करतो. माशी आणि मागचा नॉच (नेमाची खाच) यांवरच शिकू दे.

चादरगल्ली
छर्रे अडवायचं काय करणार? भिंतीवर थेट मारू नका, छर्रा उलटून येतो. माझ्याकडे तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आहे. एक बाजू कापली, आत चादरीच्या कारखान्यातल्या सुती चिंध्या ठासून भरल्या, मागे जाड लाकडी फळी. सैल भरल्या तर छर्रा आरपार जातो, पायाने दाबून भरायच्या. महिन्याने चिंध्या काढून छर्रे वेगळे करतो. शिसं असतं, हात साबणाने धुवायचे आणि पोरीला छर्रे ओठात धरू द्यायचे नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीला चिंध्या किलोवर मिळतात.

निवृत्त_फौजी
डोळ्यांवर चष्मा दोघांनीही. आणि जिन्याचा दरवाजा आतून बंद करून मगच सुरुवात. मध्येच कोणी कपडे वाळत घालायला वर आलं तर नको ते होतं.

आसरा_चौक
(रविवार)
जाऊन आलो. बंदूक घेतली नाही. मुलीला रेंजवर नेलं, तिथल्या मॅडमनी आधी नुसता स्टँडवर टेकवून नेम धरायला दिला. डाव्या खांद्यावर दहा छर्रे, उजव्यावर दहा. डाव्यावरचे कार्डभर पसरले. उजव्यावरचे खाली-डावीकडे गेले, पण शेवटचे पाच छर्रे पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले जातात एवढ्यात. कार्ड तिने गाडीत मांडीवरच धरून आणलं, टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हाही खाली ठेवलं नाही.

मॅडम म्हणाल्या, सहा महिने उजव्यावर, दुर्बीण नाही, आणि घरी पहिले पंधरा दिवस छर्रा न घालता नुसता उभं राहायचा सराव. तोही स्प्रिंगच्या बंदुकीवर ट्रिगर न ओढता. दुकानात दोन बंदुका हातात घेऊन पाहिल्या, एकीचा कुंदा तिला लांब पडत होता, गाल पोचत नव्हता. लहान कुंद्याची येते का ते विचारून ठेवलंय, दिवाळीपर्यंत थांबतो.

चादरगल्ली, तुमचा तो चिंध्यांचा डबा बघायला आलो तर चालेल का? बुधवारी संध्याकाळी त्याच बाजूला काम आहे.

चादरगल्ली
या की हो. मुलीलाही आणा. सातनंतर कारखाना बंद असतो, आवाज नसतो.