मदत हवी आहे : राजकीय माहितीपटांच्या खेळांसाठी पैसे कसे उभे करावेत?

तिसरी_रांग

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज गरज पडली म्हणून लिहितेय, थोडं लांबेल.

आम्ही चौघं मिळून गेली तीन वर्षं स्वतंत्र दिग्दर्शकांचे माहितीपट दाखवतो. महिन्याला एक खेळ आणि नंतर तासभर चर्चा. विषय बहुतेक राजकीय. जमीन, धरणं, निवडणुका, तुरुंग, संप. संस्थेची नोंदणी नाही, बँकेत वेगळं खातं नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं चाललं होतं, आणि ते चाललं कारण चौघांनाही नोकऱ्या होत्या. आता दोघांना नाहीत.

खर्च असतो तरी कितीसा, असं मलाही वाटायचं. प्रोजेक्टर एका मित्राचा, पडदा आमचा. पण हॉलचं भाडं, स्पीकर, दिग्दर्शकाचं मानधन, बोलावलं तर प्रवास, आणि जो कोणीच हिशेबात धरत नाही तो रद्द झालेल्या खेळाचा खर्च. यंदा 9 पैकी 3 खेळ आयत्या वेळी रद्द झाले. शेवटच्या वेळी दुपारी दोनला हॉलवरून फोन, "वायरिंगचं काम निघालंय." संध्याकाळी आम्ही दारात उभं राहून आलेल्यांना परत पाठवत होतो, तेव्हा आत दिवे लागलेले आणि दुसऱ्याच कोणाची तरी बैठक रंगलेली. अनामत अर्धीच परत मिळाली. स्पीकरवाला सामान घेऊन आला होता, त्याला पूर्ण पैसे दिले. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. असा एक खेळ बुडाला की पुढच्या दोन खेळांचे पैसे त्यात जातात.

आम्ही काय काय करून पाहिलं ते सांगते.

दाराशी पत्र्याचा डबा ठेवतो. मागच्या खेळाला 64 माणसं होती. रात्री डबा उलटा केला तर नाणी, थोड्या नोटा, शर्टाचं एक बटण आणि चार घड्या घातलेला एक कागद. कागदात मोठी नोट होती आणि वर पेन्सिलीने लिहिलेलं, "सिनेमा एकांगी वाटला. तरी दाखवत राहा." तो कागद मी पाकिटात जपून ठेवलाय. पण सगळं मिळून हॉलचं भाडंसुद्धा निघालं नाही.

अर्ज केले. माहितीपट बनवायला निधी देणाऱ्या संस्था सापडतात, तो गावोगाव दाखवायला देणारी शोधून दमले.

एकदा क्राउडफंडिंग केलं. "स्तुत्य उपक्रम" म्हणणारे रग्गड. खाजगीत मात्र तिघांनी विचारलं, नाव कुठे न येता पैसे देता येतील का? तेव्हापासून मला वाटू लागलंय की लोकांच्या खिशात पैसे आहेत, पावतीवर नाव तेवढं नकोय.

आणि आता खरी अडचण. एका गृहस्थांनी वर्षभराचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. माणूस सज्जन, चर्चेलाही शेवटपर्यंत बसणारा. म्हणाले, यादी तेवढी आधी दाखवत जा. दाखवली. सात नावांपैकी एकावर बोट ठेवून म्हणाले, "एवढा सोडून बाकीचे लावा की." आमच्यातले दोघं म्हणतात, एक गेला तर गेला, सहा तरी दाखवता येतील. तिसरा गप्प आहे. माझ्या घशाखाली उतरत नाही, पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हेही कळतंय.

तर प्रश्न असे. तिकीट लावावं का? दिग्दर्शकाला किती द्यावं आणि कसं? नोंदणी नसताना वर्गणी घेता येईल का? आणि मोठा देणगीदार सांभाळून माहितीपटांची निवड कोणी आपल्या हातात ठेवली असेल, तर ती कशी? "हल्ली सगळं घरबसल्या दिसतं, खेळ कशाला लावता" हे कृपया नको, ते घरचे रोज सांगतात.

केबल_गुंडाळणारा

पैशांचं जाणकार सांगतील. माझं एवढंच की स्पीकर भाड्याने आणणं आधी बंद करा. माहितीपटात ऐकायचं असतं ते मुख्यतः बोलणं. 60-70 माणसांच्या खोलीत दोन बरे स्पीकर बसलेल्यांच्या डोक्यांपेक्षा थोडे वर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले की भागतं. खोली घुमत असेल तर मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा चादरी टांगा. वर्षभराच्या भाड्यात स्वतःचे स्पीकर येतील.

हिशेबवही

मी बारा वर्षं एका फिल्म सोसायटीचा खजिनदार होतो, तेव्हा उत्तरही खजिनदाराचंच येणार.

खेळागणिक पैसे मागू नका. वर्षाची वर्गणी आगाऊ घ्या. ही युक्ती जुनी आहे. लंडनची फिल्म सोसायटी 1925 मध्ये वर्गणीवरच उभी राहिली, आणि जाहीर प्रदर्शनाला बंदी असलेला सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' तिने 1929 मध्ये सभासदांना दाखवला. न्यूयॉर्कमध्ये एमॉस आणि मार्शिया व्होगेल यांनी 1947 मध्ये 'सिनेमा 16' ही फिल्म सोसायटी काढली. त्या राज्यात जाहीर खेळाआधी सेन्सॉरची परवानगी लागे. त्यातून सुटायला त्यांनी फक्त सभासदांसाठी खेळ ठेवले आणि त्याचा दुसरा फायदा असा की वर्षाचे पैसे आधीच हातात आले. एखाद्या संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी गाडं अडत नसे. भरात असताना सभासद 7000च्या घरात होते. तरीही 1963 मध्ये पैशांपायीच बंद पडली, हेही सांगून ठेवतो.

सभासदांपुरता खेळ म्हणजे कायद्यातून सुटका, असं मात्र धरून चालू नका. प्रमाणपत्राचे आणि परवान्याचे नियम देशादेशांत वेगळे आहेत, ते वकिलाला विचारूनच ठरवा. आणि दिग्दर्शकाची परवानगी सभासदांच्या खेळालाही लागतेच.

नोंदणी नसेल तर पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका. आज चौघं मित्र आहात, उद्या कर खात्याने किंवा तुमच्यातल्याच एकाने विचारलं तर काय दाखवणार? एखादं वाचनालय, कामगार संघटना, जुनी फिल्म सोसायटी, अशा नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली जा. त्यांच्या खात्यात तुमचं स्वतंत्र शीर्षक, पावती त्यांची, व्यवस्थापनखर्च म्हणून थोडा वाटा त्यांचा. तुमचे निनावी देणगीदारही यात बसू शकतात. संस्थेला नाव कळेल, पण ते फलकावर छापायची सहसा गरज नसते.

रद्द खेळांसाठी वेगळा राखीव निधी हवाच. वर्गणीचा ठरावीक हिस्सा आल्या दिवशी बाजूला काढायचा आणि त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. हॉलशी लेखी करार करा. त्यांनी रद्द केलं तर पूर्ण अनामत परत, आणि आयत्या वेळी केलं तर आमचा झालेला खर्चही त्यांच्याकडून. करारावर सही करायला काचकूच करणारा हॉल पुढे काय करणार, ते तिथेच कळतं.

देणगीदाराबाबत आमचा नियम होता की वर्षाच्या एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त एकाकडून घ्यायचं नाही. देव आला तरी नाही. हा नियम कागदावर असला की नकार माणसाला दिल्यासारखा होत नाही.

वाकडी_वाट

मी विरुद्ध बाजूने बोलतो. पैसे घ्या. सहा माहितीपट दाखवणं आणि एकही न दाखवणं यांत तत्त्वासाठी दुसरं निवडणारे गट मी बरेच पाहिलेत, आज त्यांचं नावही कुणाला आठवत नाही. सातवा वेगळा दाखवा, डब्याच्या पैशांवर, एखाद्याच्या घरी. त्यांनी फक्त त्यांच्या पैशांनी तो लावू नका म्हटलंय ना?

कच्चं_फुटेज

@वाकडी_वाट, पुढच्या वर्षी दोनांवर बोट जाईल. आणि मग तुम्हीच यादी करताना ते तिसरं नाव लिहिणार नाही. मी माहितीपट करते, असल्या न लिहिलेल्या नावांत मी असते.

@तिसरी_रांग, मानधनाचं सांगते. आम्हाला येणारे बहुतेक मेल "आमच्याकडे निधी नाही, पण उत्तम प्रेक्षक आहेत" असे असतात. त्यापेक्षा आकडे लिहा. इतक्या खुर्च्या, इतकं भाडं, तिकीट आहे की नाही, आम्ही इतकं देऊ शकतो. रक्कम लहान असली तरी राग येत नाही. संदिग्धपणाचा येतो. ठरावीक रक्कम द्या किंवा जमलेल्यातला ठरावीक हिस्सा, पण तो खेळाआधी ठरवा.

गट बघून दर ठरवणं नवं नाही. 2009च्या 'द एज ऑफ स्टुपिड' या माहितीपटासाठी कोणालाही खेळ लावायचा परवाना इंटरनेटवरून घेता यायचा. आयोजक कोण आणि प्रेक्षक किती यावर शुल्क ठरायचं, वर उरलेली रक्कम आयोजकाची. म्हणजे गावातल्या गटालाही चार पैसे मिळायचे. अमेरिकेतली 'न्यू डे फिल्म्स' तर 1971 पासून दिग्दर्शकांचीच सहकारी वितरण संस्था आहे. अशांना थेट लिहा, मधला दलाल वाचतो.

तिकिटाचं मात्र आधी आम्हाला विचारा. माझ्या एका माहितीपटात जुन्या बातम्यांची चार मिनिटं आहेत. त्यांचे हक्क मी फक्त महोत्सवांपुरते घेऊ शकले, पुढचे परवडले नाहीत. तिकीट लावून कोणी दाखवला तर गोत्यात मी येते. संगीताचंही असंच असतं.

आणि घरचं स्ट्रीमिंगचं खातं लॅपटॉपवर उघडून खेळ लावू नका. ती वर्गणी घरात बघायची असते. नेटफ्लिक्स काही निवडक माहितीपटांना शैक्षणिक खेळाची मुभा देतं, पण त्यात तिकीट नाही, देणगी मागणं नाही, प्रायोजक नाही, निवडणूक प्रचार नाही. तुमचा पत्र्याचा डबासुद्धा तिथे नियमभंग ठरेल.

दोन_देश_लांब

परदेशी मदतीबद्दल थोडं. प्रागचा 'वन वर्ल्ड' महोत्सव 1999 पासून मानवी हक्कांवरचे माहितीपट दाखवतो. त्यांनी असा मंचही केलाय की तिथल्या कोणालाही काही माहितीपट मोफत आणि कायदेशीर दाखवता येतात, हक्कांचे पैसे महोत्सव बघतो. माझ्या मते सगळ्यांत अक्कलहुशारीचा उपाय हाच, कारण प्रत्येक लहान गटाने वेगळी घासाघीस करण्याऐवजी एकाने सगळ्यांसाठी हक्क घेतले. नेदरलँड्सची 'मूव्हीज दॅट मॅटर' दुसऱ्या देशांतल्या मानवी हक्कविषयक चित्रपटांच्या खेळांना लहान अनुदानं देते. म्हणजे दाखवायला पैसे देणारे अगदीच नाहीत असं नाही.

पण बाहेरचा पैसा घेण्याआधी आपल्या देशाचा कायदा वाचा. रशियात 2012 पासून परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर 'परकीय एजंट' असा शिक्का बसू लागला. भारतात परदेशी देणग्यांचा 2010चा कायदा आहे आणि 2020च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवणं बंद झालंय. त्यामुळे हिशेबवही यांचा छत्राचा मार्ग देशातल्या पैशांना लागू पडतो, परदेशी पैशांना तो पडेलच असं नाही.

तिसरी_रांग

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो होतो, त्याची खबर.

पाचव्या हिश्श्याचा नियम केला. तो गप्प बसलेला तिसराच सगळ्यांत आधी हो म्हणाला. त्या गृहस्थांना मी फोन केला. जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, पाचवा हिस्सा म्हणजे फारच थोडं होतंय. मी म्हटलं, उरलेलं तुमच्या चार मित्रांकडून घ्या. हसले, पण हो काही म्हणाले नाहीत. @वाकडी_वाट, तुमचं म्हणणंही मांडलं होतं. दोघांना अजून तेच पटतंय, हे प्रामाणिकपणे सांगते.

एका वाचनालयाशी बोलणं चालू आहे. त्यांची समिती पुढच्या आठवड्यात बसेल. स्पीकरचं बघतोय.

ज्या नावावर बोट ठेवलं होतं, त्या माहितीपटाच्या दिग्दर्शिकेला आकड्यांसकट मेल केला. तासाभरात उत्तर आलं. हक्क महोत्सव आणि विनातिकीट खेळापुरतेच आहेत, वर्गणीवाला खेळ त्यात बसतो का ते बघून सांगते म्हणाली. म्हणजे कच्चं_फुटेज म्हणाली अगदी तसंच निघालं.

@हिशेबवही, हॉलच्या करारातलं रद्द करण्याचं कलम जसंच्या तसं इथे टाकता का? पुढच्या खेळाचा हॉल शुक्रवारी ठरवायचाय.

हिशेबवही

टाकतो. जुनी फाइल माळ्यावर आहे, रविवारआधी काही चढणं व्हायचं नाही. शुक्रवारी सही करू नका, सोमवारची वेळ घ्या.