कृष्णा उलटी पळायची आहे, चढ कसा मोजावा?

कृष्णाकाठची, सांगली

लोकहो, स्वतःचं डोकं खाऊन झालं, आता तुमचं खाते.

आमचा सकाळी पळणाऱ्यांचा कंपू आहे. श्रावणात एक उपक्रम करायचं घाटतंय: कृष्णा उलटी पळायची. आंध्रात हंसलदीवीला ती समुद्राला मिळते, तिथून निघायचं आणि जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखाशी पोचायचं. १४०० किलोमीटर. आंध्रात अर्थातच कुणी जाणार नाही. ज्याने त्याने आपल्या गल्लीत, मैदानात, जिन्यात पळायचं, आकडे तक्त्यात भरायचे आणि टीम नकाशावर नदीतून वर सरकणार. दहाजणांची टीम, मुदत महिनाभर. जमलेल्या पैशातून नदीकाठच्या एका गावाला लाइफ जॅकेट आणि दोर द्यायचे. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हापासून हा विषय आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

घोडं अडलंय चढावर. उगमाकडे जायचं तर चढ मोजायलाच हवा, असा माझा हट्ट. म्हणून सूत्र काढलं: शंभर मीटर चढ म्हणजे एक किलोमीटर जादा. त्यावर पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, मी रविवारी सिंहगड दोनदा करतो, तुमचा आठवडा तिथेच संपला." सांगलीत चढ म्हणजे आयर्विन पूल. दंडोबाच्या डोंगराला जायचं तर आधी गाडी काढा. मग इथल्या माणसाने काय करावं?

दुसरी भानगड घड्याळांची. मी आणि मैत्रीण खांद्याला खांदा लावून पळतो. माझं घड्याळ ८ मीटर चढ सांगतं, तिचं ४१. खरं कुणाचं धरू?

टेकडीवाला, पुणे

ताई, सूत्र तुम्ही हवेतून काढलेलं नाही. डोंगरातल्या शर्यतींचा अवघडपणा असाच मोजतात, किलोमीटर अधिक चढाचे मीटर भागिले शंभर. त्याच्या कितीतरी आधी, १८९२ मध्ये, विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने आडाखा दिला होता: दर तीन मैलांना एक तास आणि वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने शंभर मीटर चढ म्हणजे आठशे मीटरच्या आत-बाहेर अंतर, तुमच्यापेक्षा जरा कमी.

आता सिंहगड. आतकरवाडीतून वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, चढ सहाशे मीटरच्या घरात. तुमच्या सूत्राने एका चढाईचे पावणेनऊ, नेस्मिथच्या सूत्राने साडेसात. भाच्याचं कशानेच फारसं बिघडत नाही. माझं ऐकाल तर त्याला आपल्याच टीममध्ये ओढा.

उपअभियंता निवृत्त, कराड

तुम्ही सगळे चढ-चढ करताय, पण नदीला चढ आहे कुठे? उगम समुद्रसपाटीपासून १३३७ मीटरवर आणि लांबी १४०० किलोमीटर. किलोमीटरमागे मीटरसुद्धा पडत नाही. त्यातही वाई ७०० मीटरच्या थोडी वर. म्हणजे निम्मी उंची नदी वाईच्या आत, पोरवयातच उधळून टाकते आणि उरलेली अर्धी समुद्रापर्यंत पुरवून पुरवून वापरते. उलटं पळताना चढ शेवटी अंगावर येणार. या उपक्रमाची गंमत हीच आहे आणि बेरजेच्या सूत्रात नेमकी तीच मरते.

मी असं करीन. अंतर आणि उंची यांची खाती वेगळी ठेवा. अंतर टीमचं, सामाईक. उंची ज्याची त्याची. आणि वाटेत धरणं आहेतच, त्यांच्या पूर्ण संचय पातळ्या (धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची) घ्या: विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज १७ मीटर, नागार्जुनसागर १८०, श्रीशैलम २७०, जुराळा ३१८, नारायणपूर ४९२, अलमट्टी ५१९.६. टीम धरणाशी पोचली की थांबेल. दहाच्या दहाजणांची चढाई त्या पातळीला भिडली की दरवाजे उघडतील, नाहीतर नाही. नवव्याने कितीही सिंहगड केले तरी दहाव्याचा चढ त्याला भरता येणार नाही.

गणित करून पाहिलं. १४०० भागिले दहा, भागिले तीस दिवस: रोज माणशी पावणेपाच किलोमीटरच्या आत. १३३७ भागिले तीस: रोज ४५ मीटर, म्हणजे साधारण पंधरा मजले. आमच्या वयालाही झेपेल.

अलमट्टीच्या पातळीमुळे सांगलीत पुराचं पाणी चढतं की नाही, यावर मात्र इथे बोलणार नाही. धागा पेटेल.

घड्याळजी, ठाणे

काकांना साष्टांग! आता घड्याळाचं. ज्यात हवेच्या दाबाचा सेन्सर नसतो ते उपग्रहावरून किंवा नकाशावरून उंची ठरवतं. सपाट गावात त्या आकड्यांच्या लहान लहान उड्या चढ म्हणून जमा होत जातात. सेन्सर असेल तर बरं, पण त्याचीही खोड आहे. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारला उतरलेला. दाब उतरला की घड्याळाला वाटतं आपण वर गेलो. फरक तीनेक हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं माप), आणि एका हेक्टोपास्कलला साडेआठ-नऊ मीटर. म्हणजे दहा ते चार ऑफिसात खुर्चीवर बसून माणूस पंचवीस मीटर 'चढतो'. पावसात सेन्सरच्या भोकात पाणी गेलं की विचारूच नका.

तेव्हा चढासाठी घड्याळ बाजूला ठेवा. एव्हरेस्टिंगवाले काय करतात बघा: एकच चढ, पुन्हा पुन्हा, एव्हरेस्टइतके ८८४८ मीटर होईपर्यंत, मध्ये झोप नाही. त्याची प्रेरणा म्हणजे एव्हरेस्टवर गेलेल्या गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीच्या त्याच नावाच्या नातवाने १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट डोना बुआंगवर सायकलने मारलेल्या फेऱ्या. चढ एकदा नीट मोजला की पुढे फक्त फेऱ्या मोजायच्या. तुमच्यासाठी जिना. पायरीची उंची टेपने घ्या, गुणिले पायऱ्या, गुणिले फेऱ्या. ट्रेडमिलवाल्यांनाही सोपं: सहा टक्के चढावर पाच किलोमीटर म्हणजे ३०० मीटर.

कृष्णाकाठची, सांगली

काका, धरणाचे दरवाजे! काल रात्री ग्रुपवर टाकलं, साडेअकरापर्यंत नुसते मेसेज. एक टीम आत्ताच म्हणतेय की अलमट्टीचे दरवाजे सगळ्यांत आधी आम्ही उघडणार. हे वाक्य सांगलीत बोलायला किती बरं वाटतं, ते बाहेरच्यांना कळायचं नाही.

एक शंका. आमच्यात साठीच्या दोघी आहेत, गुडघे कुरकुरतात. जिना चढून लिफ्टने खाली आल्या तर चालेल?

वसूली भाऊ, कोल्हापूर

का नाही चालणार? मोजताय चढ, उतार नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यानेच. लिफ्ट खुशाल वापरू द्या.

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. एक, 'किलोमीटरला पाच रुपये' असले वायदे घेऊ नका. मामा जोशात हो म्हणतो, सात हजारांचा आकडा ऐकला की फोन उचलत नाही. ठरावीक रक्कम आधीच घ्या. दोन, कुणाच्या खासगी यूपीआयवर गोळा करू नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ दे. देणगीवरची करवजावट (८०जी) हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्याला ती मिळतच नाही, हे आधीच सांगून टाका म्हणजे मार्चमध्ये शिव्या पडणार नाहीत. तीन, टी-शर्ट आणि मेडल काढून टाका. त्या पैशात आणखी चार जॅकेटं येतील.

टेकडीवाला, पुणे

मेडल काढू नका हो, लोक मेडलसाठीच पळतात. पत्र्याचा छोटा दरवाजा करा, धरणाचा.

कृष्णाकाठची, सांगली

मेडलवर आमच्यातच दोन तट आहेत, रविवारी मिटवू. बाकी ठरलं: अंतर टीमचं, उंची ज्याची त्याची, चढ जिन्यावरून किंवा मोजलेल्या रस्त्यावरून, लिफ्टला मुभा. पाणी चढलेलं असताना काठाने पळायचं नाही, हा नियम सगळ्यांत वर. भाच्याला कळवलंय की सव्वादोन सिंहगडांत तुझी उंची संपली, पुढे गपगुमान सपाटीवर पळ.

उपअभियंता निवृत्त, कराड

जिना मोजताना एकच पायरी मोजून गुणाकार करू नका. फरशी मागाहून बसते, त्यामुळे पहिली आणि शेवटची पायरी हमखास कमी-जास्त असते. तळापासून वरच्या मजल्यापर्यंत जिन्याच्या पोकळीतून दोरी सोडा आणि ती दोरी मोजा.