पायलटच्या लेखी परीक्षेसाठी क्लास: दिल्ली, ऑनलाइन की घरीच?

शिरोलीकर_७२:
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी झाली. फिजिक्स-मॅथ्स आहे आणि पायलटच व्हायचं म्हणून हटून बसलीय. मी फाउंड्रीत आहे, मला यातलं ओ की ठो कळत नाही. दिल्लीच्या द्वारकेतल्या एका क्लासनं सहा महिन्यांचे सव्वातीन लाख सांगितलेत, राहणं-जेवण वेगळं. दुसरा ऑनलाइन, नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, चाळीस हजार. दिल्लीवाल्या बाई रोज दोनदा फोन करतात, 'सर, दोनच सीट शिल्लक आहेत.' कुणाला अनुभव असेल तर सांगा. रविवारपर्यंत पैसे भरा म्हणतायत.

रंकाळ्याची_हवा:
वडापवाले पण असंच वरडत्यात, 'एकच सीट, एकच सीट', आणि आत बसल्यावर अजून चौघं कोंबत्यात. काका, रविवार जाऊ दे.

उजळाईवाडी_टेकऑफ:
काका, मी राजारामपुरीतला. लायसन्स होऊन दीड वर्ष झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लासचा एक रुपयाही भरायच्या आधी मेडिकल करा. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे आधी 'क्लास टू' ही प्राथमिक तपासणी, मग 'क्लास वन' ही व्यावसायिक पायलटची. माझ्या बॅचमधल्या एकाला रंगांधळेपणा निघाला, तोवर त्याची निम्मी फी गेली होती आणि परत काही मिळाली नाही. दुसरं म्हणजे परीक्षेसाठी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा क्रमांक, काढावा लागतो. त्याला बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी लागते. आपलं विभागीय मंडळ कोल्हापुरातच आहे, ते काम आत्ताच उरकून घ्या.

आता क्लास. नेव्हिगेशन म्हणजे मार्ग काढणं, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स म्हणजे हवाई नियम, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक असे पेपर. प्रत्येकात ७० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. विमानातून रेडिओवर बोलायच्या परवान्याची आरटीआर परीक्षा वेगळी. यातलं टेक्निकल स्पेसिफिक पॅकेजमध्ये घेऊच नका. तो पेपर विशिष्ट विमानाचा असतो. सेसना १७२ चा पेपर दिला आणि फ्लाइंग स्कूलमध्ये डायमंड कंपनीचं विमान मिळालं तर बसा परत अभ्यासाला. आधी स्कूल ठरू दे.

मी ज्या क्लासला होतो (नाव घेत नाही) तिथं सगळं प्रश्नसंचावर चालायचं. 'प्रश्न ४१२, उत्तर सी, पुढे चला.' नेव्हिगेशनला मला ८४ पडले. मग फ्लाइंगला गेलो आणि इन्स्ट्रक्टरनी हवेतच विचारलं, '३० मैल आलोय, २ मैल डावीकडे सरकलोय, किती अंश चुकलो?' माझी पाटी कोरी. साठला एक हा नियम आहे: ६० मैलांवर १ मैल सरकलात की १ अंश. म्हणजे ३० ला २ म्हणजे ४ अंश. उजवीकडे ४ अंश वळलात तर फक्त मूळ रेषेला समांतर जाल, मुक्कामाला पोचायला त्याहून जास्त वळावं लागतं. तोंडचा हिशोब, पण चार महिन्यांत कुणी कागदावर रेघ मारून दाखवला नव्हता.

म्हणून डेमो लेक्चर मागा, तेही नेव्हिगेशनचंच. मेट आणि रेग्युलेशन्स घरी वाचून होतात, नेव्हिगेशनला शिकवणारा माणूस लागतो.

निवृत्त_हवामानवाला:
वरच्या मुलाशी सहमत, फक्त मेट 'घरी वाचून होतं' हे पटलं नाही. पाठ होतं, समजत नाही. आपल्याकडे तर धडा दारात आहे. गगनबावड्याला पावसानं झोडपलेलं असतं आणि त्याच दिवशी शिरोळला रस्ता कोरडा. ढग घाट चढताना गार होऊन रिकामा होतो, पलीकडे उतरताना तापतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या पोरीला पुस्तकातलं पान जड जाणार नाही.

क्लासची परीक्षा घ्यायची असेल तर रेग्युलेशन्सच्या नोट्स बघायला मागा. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला, आणि आरटीआरचं काम दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे गेलं. नोट्समध्ये अजून जुनंच छापलेलं असेल तर व्हिडिओ किती जुने आहेत ते समजून जा.

शिरोलीकर_७२:
तुम्हा सगळ्यांचे उपकार. दिल्लीला फोन करून नेव्हिगेशनचा डेमो मागितला. बाई म्हणाल्या, डेमो अ‍ॅडमिशननंतर. ऑनलाइनवाल्यांनी नोट्स पाठवल्या, पहिल्याच पानावर १९३४! आता काय करावं?

उजळाईवाडी_टेकऑफ:
मग दोन्ही सोडा. लाइव्ह ऑनलाइन घेणारे बरेच आहेत, विषयागणिक फी घेतात. फक्त नेव्हिगेशन लावा, बॅच लहान असेल असं बघा, आणि हप्ते पाडून घ्या. एकरकमी कुणालाच देऊ नका. बाकीचं सहा महिने घरी, रोजचे तास बांधून. पण सगळे पेपर एकदम द्यायचा हट्ट नको. आणि पास झालेल्या पेपरना मुदत असते, तेव्हा फ्लाइंगच्या पैशांची जुळणी ठरल्याशिवाय घाईपण नको. लायसन्सला २०० तास उडावं लागतं, खरा खर्च तिथं आहे. क्लासची फी म्हणजे त्यापुढं चहापाणी.

रंकाळ्याची_हवा:
सव्वातीन लाखाचं चहापाणी. नाद खुळा.

निवृत्त_हवामानवाला:
मुलीला एक गणित देतो, जमलं तर कळवा. आपल्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी साधारण २००० फुटांवर. मे महिना, दुपार, ३८ अंश. तापली की हवा विरळ होते, उंचावर असते तशी, तर विमानाला हवा किती उंचीवरची वाटेल?

शिरोलीकर_७२:
मुलगी लिहितेय: 'आजोबा, २००० फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश हवं, म्हणजे २७ अंश जास्त. अंशाला १२० फूट धरले तर ३२४० वाढले. ५२४० फूट. म्हणजे विमान उभं उजळाईवाडीत, पण त्याला वाटतंय आपण महाबळेश्वरच्या वर आहोत, म्हणून धावपट्टी जास्त लागणार.' बरोबर आहे का? मेडिकलची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय.