जुळी कोणाकडून आली? माहेरचं की सासरचं, अनुभव सांगा

सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाल्या हे बघा बाळ, मग प्रोब थोडा सरकवला, गप्प झाल्या आणि म्हणाल्या हे अजून एक. मी आधी घाबरले मग हसत सुटले. घरी सांगितलं तर सासूबाई लगेच, "आमच्याकडचंच आहे हे, ह्याचे काका जुळे." फोनवर आई, "छे, माझ्या मावशीला जुळ्या होत्या." तेव्हापासून दोघींचं मिटलेलं नाही. तुमच्याकडे कोणाकडून आलं?

आत्याबाई: अभिनंदन गं! पण सासूबाईंना वाईट वाटणार आहे. वेगवेगळी दिसणारी जुळी होतात ती एका महिन्यात दोन बीजं सुटली म्हणून, आणि बीज सुटतं बाईचं, त्यात नवऱ्याचे काका काय करणार? आमच्याकडे मी आणि भाऊ जुळे, मला एक मुलगा एक मुलगी, बहिणीला पहिला एकटा आणि दुसऱ्या वेळी जुळी. आईला किंवा सख्ख्या बहिणीला अशी जुळी असली तर आपली शक्यता साधारण दुप्पट होते म्हणतात. आता दुप्पट ऐकून धडकी भरते, पण मुळात जगभरात १००० बाळंतपणांत जुळी १२ च्या आसपास, त्यामुळे दुप्पट झाली तरी बहुतेक जणींना एकच होतं. आमचं घर जरा अतीच करतं.

रातकिडा: पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? मी स्वतः जुळा, बरोबर बहीण. लग्न ठरलं तेव्हापासून सगळे बायकोला चिडवायचे, तयारीत राहा म्हणून. दोन्ही वेळा एकेकच झालं, आणि नातेवाईकांचे चेहरे असे पडले की मीच काहीतरी कमी केलं :) मग डॉक्टरांनी सांगितलं की आईकडून तो गुण माझ्यात आला असेलही पण मला बीजकोश नाही, त्यामुळे तो माझ्यात नुसता पडून आहे. मुलीला दिला असेल तर तिच्यात उठेल. एक पिढी सोडून जुळी होतात असं म्हणतात ते मला तेव्हा कळलं, मधे बाप येतो म्हणून. मुलगी १४ ची आहे, तिला अजून सांगितलेलं नाही.

चष्मा हरवला: आमच्यात आठवतंय तिथपर्यंत कोणालाच नाही, ना इकडे ना तिकडे. आमची एका बीजाची, म्हणजे एकच गर्भ फुटून दोन झाले. ते सहसा घराण्यातून येत नाही, जगात कुठेही गेलात तरी हजारी ३-४ एवढंच. ओळखायला एकाच्या पायाच्या अंगठ्याला लाल नेलपॉलिश लावलेलं. एकदा रात्री अडीचला ते निघालेलं आणि मी एकालाच दोनदा पाजलं, दुसरा बोंबलतोय आणि मी त्याला म्हणतेय अरे आत्ताच तर प्यायलास. अजून अपराधी वाटतं.

पाचवा मजला: मला तर डॉक्टरांनीच सांगितलेलं की वार म्हणजे प्लॅसेंटा दोन आहेत म्हणजे भिन्न, दोन बीजांची जुळी, विषय संपला. नऊ वर्षं आम्ही सगळ्यांना तेच सांगत होतो आणि शाळेत बाई रोज दोघींना उलट नावाने हाक मारायच्या. शेवटी गालाच्या आतून कापूस फिरवून डीएनए टेस्ट केली, एकाच बीजाच्या निघाल्या! गर्भ पहिल्या दोन-तीन दिवसांत फुटला तर दोघांची वार वेगवेगळी असू शकते, हे त्या वेळी कोणीतरी सांगायला हवं होतं.

उशिरा आलेली: माझी ३८ व्या वर्षी, तिसऱ्या खेपेला. माहेरी कोणीच नाही. वय वाढलं की एफएसएच, म्हणजे बीज वाढवणारं हार्मोन, वाढतं आणि शरीर कधीकधी एकाऐवजी दोन बीजं सोडतं. गंमत म्हणजे २०१६ साली जुळ्यांशी संबंधित जी दोन जनुकं सापडली त्यातलं एक ह्याच हार्मोनचं आहे. म्हणजे काहींना आईकडून मिळतं ते मला वयाने दिलं.

नाव नको: आयव्हीएफ, दोन गर्भ सोडलेले. भेटेल तो विचारतो घराण्यात आहेत का? मी हो म्हणते आणि पुढे जाते.

निळी छत्री: आठव्या आठवड्यात दोन ठोके ऐकले, बाराव्यात एकच. दुसरं आतच विरून गेलं, मुलगी आता सहा वर्षांची आहे. आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, आमच्या वेळी सोनोग्राफी कुठे होती, कोणाला किती होती कोण सांगणार. तेव्हापासून "आमच्याकडे जुळी नाहीत" असं कोणी म्हटलं की मी गप्प बसते.

धागाकर्ती: बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. वार एकच, मधे अगदी पातळ पडदा. म्हणजे एका बीजाची. दोघींना स्पीकरवर घेऊन सांगितलं की हे ना काकांचं ना मावशीचं. थोडा वेळ कोणीच बोललं नाही, मग सासूबाईंनी आईला विचारलं, तुमच्या मावशीच्या त्या मुली दिसायला सारख्या होत्या का हो? आई म्हणाली, अगदी सारख्या, मावशी स्वतः चुकायची. आता सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी आहे, आणि पहिल्या वेळी दोघींनाही बरोबर यायचंय.